पडदा १०८०पी, चित्र फोरके: डीएसआरने नेमकं काय सुधारतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. २४ इंची १०८०पी मॉनिटर, १४४ हर्ट्झ, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. मित्राने सांगितलं म्हणून एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधून डीएसआर (गेमचं चित्र पडद्याहून मोठ्या रिझोल्यूशनवर काढून मग आकसून दाखवणारी सोय) चालू केलं आणि गेम फोरकेला, म्हणजे ३८४० गुणिले २१६० ला, लावले. जीटीए ५ एकदम लख्ख दिसायला लागला, दुसरा एक गेम उलट धुरकट वाटला, आणि दोन्हीकडे सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेम निम्म्यावर आल्या. पडद्यावरचे ठिपके तेवढेच असताना चित्र सुधारेल कसं, की हा नुसता मनाचा भास? आणि या खटाटोपापेक्षा नवा मॉनिटरच घ्यावा का?

भास नाही. गेली बारा वर्षं मी गेमच्या रेंडरिंगचंच, म्हणजे दृश्याचं चित्र बनवण्याचंच, काम करतो आणि त्यातला बराच काळ याच एका त्रासाशी झटापट करण्यात गेला आहे, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

तुमच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०.७ लाख पिक्सेल आहेत. गेम नेटिव्ह, म्हणजे पडद्याच्या स्वतःच्या, रिझोल्यूशनवर चालतो तेव्हा कार्ड प्रत्येक पिक्सेलच्या मधोमध एक बिंदू धरतं आणि त्या बिंदूवर काय दिसतंय एवढंच पाहतं. भिंत, पान, आभाळ, जे सापडेल त्याचा रंग अख्ख्या पिक्सेलला फासला जातो. पण पिक्सेल हा बिंदू नाही, तो एक छोटा चौकोन आहे. त्या चौकोनात अर्धं आभाळ, पाव पान आणि पाव फांदी असू शकते. आपण मात्र शितावरून भाताची परीक्षा करतो. भात सगळीकडे सारखा शिजला असेल, म्हणजे कोरी भिंत किंवा मोकळं आभाळ असेल, तर एक शीत पुरतं. जिथे खाली करपलंय आणि वर कच्चं आहे तिथे एक शीत हमखास फसवतं. जाळीचं कुंपण, विजेच्या तारा, गवत, केस, ओल्या रस्त्यावरची चमक ही सगळी अशीच ठिकाणं.

फोरकेला रेंडर केलं की कार्ड ८२.९ लाख ठिकाणी पाहतं, म्हणजे तुमच्या प्रत्येक पिक्सेलमागे चार शितं. मग ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) त्या चारांचं मिश्रण करून एक रंग पडद्याकडे पाठवतो. पडद्यावरचा तपशील वाढत नाही, तो २०.७ लाखांपुढे जाऊच शकत नाही. वाढतो तो प्रत्येक पिक्सेलचा खरेपणा.

हे किती वाढतं ते एका तारेवर मोजून दाखवतो, कारण इथेच पुढच्या सगळ्या निर्णयांची चावी आहे. जीटीए ५ मध्ये सँडी शोर्सच्या बाजूला जा, उजेडी आभाळावर लांबची विजेची तार बघा. समजा तारेची जाडी पाव पिक्सेल आहे, तार जवळजवळ आडवी पण किंचित तिरकी आहे, आभाळाची उजळता ८० आणि तारेची १०. तार ज्या पिक्सेलमधून जाते त्याचा खरा रंग किती असायला हवा? पाऊण हिस्सा आभाळ, पाव हिस्सा तार: ६० आणि २.५, मिळून ६२.५. आभाळापेक्षा किंचित काळपट, सलग, शांत रेघ.

एका शिताने काय होतं? तार पिक्सेलच्या मध्यबिंदूवरून गेली तर १०, थोडी जरी वरून-खालून गेली तर ८०. तार तिरकी असल्याने तिच्या लांबीच्या पाव भागात काळी रेघ उमटते आणि उरलेल्या पाऊण भागात तार गायब. म्हणून ती तुटक दिसते. कॅमेरा हलला की ते तुकडे सरकतात, आणि डोळ्याला तार लुकलुकल्यासारखी वाटते. चढउतार ७० चा.

आता फोरके. एका पिक्सेलमध्ये दोन ओळी, दोन स्तंभ, अशी चार शितं. तार त्यातल्या एका ओळीला लागली तर दोन शितं १० ची आणि दोन ८० ची, सरासरी ४५. नाही लागली तर ८०. अर्ध्या लांबीत ४५, अर्ध्यात ८०. चढउतार ७० वरून ३५ वर आला, म्हणजे बरोबर निम्मा. तुम्हाला जीटीएत जो लख्खपणा जाणवला त्यातला मोठा वाटा हाच आहे. डोळा ज्याला स्पष्टपणा म्हणतो त्यात अशा स्थिरतेचा भाग आपल्याला वाटतो त्यापेक्षा खूप जास्त असतो.

पण तार अजून तुटकच आहे, हेही लक्षात घ्या. ती सलग ६२.५ ची व्हायला एका पिक्सेलमध्ये शितांच्या चार ओळी लागतात. चार बाय चार, सोळा शितं, म्हणजे ७६८० गुणिले ४३२० वर रेंडर करायला हवं. तेवढी ताकद तुमच्या कार्डात नाही, आणि आजचा जड गेम तसा चालवायला बाजारातलं सगळ्यात महाग कार्डही धापा टाकेल.

इथे एक जुनी हुशारी आठवते आणि ती मला आजही सुंदर वाटते. २००० साली थ्रीडीएफएक्सच्या वूडू ५ ५५०० कार्डाने चारच शितं घेतली, पण चौकोनी जाळीत न मांडता ती जाळी फिरवून मांडली, अशी की चारही शितं वेगवेगळ्या उंचीवर येतात. आपली पाव पिक्सेल जाडीची तार मग कुठूनही गेली तरी बरोबर एका शिताला लागते. दर वेळी ६२.५. सोळा शितांचं काम चारात. आजच्या चारपट एमएसएएमध्येही (कडांचे दातरे घालवणारी गेममधली सेटिंग) शितं अशीच तिरपी मांडलेली असतात, म्हणून कडा आणि तारांसाठी तो नुसत्या डीएसआरपेक्षा सरस ठरतो. जीटीए ५ मध्ये एमएसएए आहे. तिथे तो चारपटीवर ठेवून बघाच. अडचण अशी की एमएसएए फक्त आकारांच्या कडांवर काम करतो. पानांचे आकार बहुतेक वेळा चित्रातच कापलेले असतात, ओल्या डांबराची चमक ही पृष्ठभागाच्या आतली गोष्ट असते. तिथे तो काही करत नाही. शिवाय हल्लीच्या गेमची रेंडर करण्याची पद्धतच अशी झाली आहे की एमएसएए फार महाग पडतो, म्हणून नव्या गेममधून तो जवळजवळ गेलाच.

त्याच्या जागी आला टीएए. त्याची कल्पना अशी: एकाच फ्रेममध्ये सोळा शितं कशाला, दर फ्रेमला एकच घ्या, पण प्रत्येक वेळी जागा थोडी सरकवा आणि मागच्या फ्रेमचं साठवलेलं चित्र त्यात मिसळत जा. कॅमेरा स्थिर असेल तर हे अफाट चांगलं चालतं. आपली तार काही फ्रेममध्येच सलग होते. कॅमेरा हलला की मात्र जुनं चित्र नव्या जागी ओढून बसवावं लागतं. ती नवी जागा क्वचितच पिक्सेलच्या बरोबर मध्यावर येते, म्हणून शेजारच्या पिक्सेलमधून रंग मिसळून घ्यावा लागतो. दर फ्रेमला थोडं मिसळलं, पुढच्या फ्रेमला ते मिसळलेलं पुन्हा मिसळलं. पाण्यात पुन्हा पुन्हा बुडवलेल्या कुंचल्यासारखे रंग पसरत जातात. रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये १०८०पीवर घोड्याची आयाळ आणि दूरची झाडं जी लोण्यासारखी मऊ दिसतात, ती याच कारणाने.

आणि इथे जास्त रिझोल्यूशनचा दुसरा फायदा समोर येतो. नव्या गेममध्ये तर मला तोच पहिला वाटतो. टीएएचा पसारा साधारण एखाद-दीड पिक्सेलचा असतो, पण तो ज्या रिझोल्यूशनवर रेंडर होतंय तिथला पिक्सेल. फोरकेचा दीड पिक्सेल म्हणजे तुमच्या पडद्यावरचा पाऊण. पसारा तोच, तुमच्या डोळ्यापुढे मात्र निम्मा होऊन येतो. त्यात भर म्हणजे, रिझोल्यूशन दुप्पट झालं की कार्ड पृष्ठभागांसाठी एक पायरी मोठं टेक्स्चर (त्यांच्यावर चिकटवायचं चित्र) निवडतं. भिंतीवरच्या विटा, कोटाची वीण, दुकानाची पाटी हे सगळं मुळात जास्त बारकाईने उचललं जातं आणि मग खाली आणलं जातं. लोक म्हणतात ना, डीएसआर लावल्यावर ‘पडद्यावरची काच पुसल्यासारखी वाटली’, त्यामागे ही दोन कारणं आहेत.

मग दुसरा गेम धुरकट का झाला? तुम्ही आकडे दिलेले नाहीत, तरी दोन ठिकाणी हमखास चूक होते.

पहिली जागा: डीएसआरचा गुणक आणि त्याखालचा स्मूदनेस (चित्र किती मऊ करायचं ती पट्टी). गुणक क्षेत्रफळाचा असतो, लांबी-रुंदीचा नाही. ४ म्हणजे दोन्ही दिशांना दुप्पट, २.२५ म्हणजे दीडपट, १.७८ म्हणजे सव्वापटीहून थोडं जास्त. ४ ला प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला बरोबर चार शितं येतात, काही सांडत नाही. २.२५ ला दीड गुणिले दीडचा हिशोब एका पिक्सेलमध्ये नीट बसत नाही, म्हणून ड्रायव्हर आजूबाजूचंही थोडं मिसळतो. आणि स्मूदनेस मुळातच ३३ टक्क्यांवर ठेवलेला असतो. ४ वापरत असाल तर तो सरळ शून्यावर आणा. तिथे वेगळं धूसर करायची काही गरज नाही. बहुतेकांची निम्मी तक्रार एवढ्यानेच संपते.

दुसरी जागा: अक्षरं. डीएसआरमध्ये गेमला वाटतं की पडदा खरंच फोरके आहे, म्हणून नकाशा, मेन्यू, संवादांच्या ओळी सगळं त्या हिशोबाने रेखतो आणि तेही आकसून खाली येतं. बारीक अक्षरांची एक पिक्सेलची रेघ अर्ध्या पिक्सेलची झाली की राखाडी होते. गेमच्याच सेटिंगमध्ये रिझोल्यूशन स्केल किंवा रेंडर स्केल असेल तर डीएसआरऐवजी ते वापरा. त्यात फक्त त्रिमितीय दृश्य मोठं रेंडर होतं आणि अक्षरं नेटिव्हवर करकरीत राहतात. फक्त एक जपा: काही गेममध्ये २०० टक्के म्हणजे दोन्ही दिशांना दुप्पट, तर काहींत पिक्सेलची एकूण संख्या दुप्पट. फ्रेम किती पडल्या यावरून ते लगेच कळतं.

तिसरी शक्यता मॉनिटरची. एकदा मी आणि एका सहकाऱ्याने अख्खी दुपार आमच्या फिल्टरमध्ये दोष शोधण्यात घालवली. प्रत्येक काळ्या कडेशेजारी पांढरी झालर दिसत होती. संध्याकाळी दुसरा मॉनिटर जोडला तर झालर गायब. पहिल्या मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूत शार्पनेस चढवलेला होता. तेव्हापासून कुठलीही तुलना करण्याआधी मी तो मेन्यू उघडतो. तुम्हीही उघडा, शार्पनेस अशा आकड्यावर आणा की काळ्या अक्षरांभोवती झालर उरणार नाही.

आता फ्रेमचं. चौपट पिक्सेल म्हणजे फ्रेम चौथाईवर येतातच असं नाही, कारण सीपीयूचं काम, सावल्यांचे नकाशे, आकारांची हलवाहलव ही पडद्याच्या रिझोल्यूशनवर अवलंबून नसते. तुमच्या निम्म्या झाल्या, हे या हिशोबात बसतं. पण त्या निम्म्या फ्रेमची किंमत बघा. पडद्यावरून एखादी वस्तू सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने जाते आहे. नेहमीचा एलसीडी प्रत्येक फ्रेम पुढची येईपर्यंत धरून ठेवतो आणि डोळा मात्र वस्तूबरोबर सरकत राहतो, म्हणून ६० फ्रेमला ती डोळ्यात १६ पिक्सेल फरफटते, १२० ला ८. डीएसआरने तुम्ही अर्ध्या-पाऊण पिक्सेलचा पसारा वाचवला आणि हलणाऱ्या चित्रात आठ पिक्सेलची फरफट विकत घेतली. नेमबाजीच्या वेगवान गेममध्ये हा सौदा साफ तोट्याचा आहे आणि तिथे मी कुणालाही डीएसआर लावायला सांगत नाही. रमतगमत खेळायच्या गेममध्ये, जिथे तुम्ही थांबून दरी बघता, तिथे तो फायद्याचा आहे. आणि दहा-बारा वर्षांपूर्वीच्या गेममध्ये कार्ड रिकामंच बसलेलं असतं. तिथे ४ लावा, स्मूदनेस शून्य, आणि मजेत खेळा.

नव्या जड गेमसाठी तुमच्या कार्डावर एक मधला मार्ग आहे आणि मला तो सगळ्यात आवडतो. आरटीएक्स कार्डांना जानेवारी २०२२ पासून डीएलडीएसआर मिळतं. त्यात खाली आणण्याचं काम साध्या सरासरीऐवजी शिकवलेलं न्यूरल नेटवर्क करतं, आणि गुणक दोनच: १.७८ आणि २.२५. तुमच्या पडद्यावर २.२५ म्हणजे २८८० गुणिले १६२०. आता त्याच गेममध्ये डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनवर रेंडर करून न्यूरल नेटवर्कने वर चढवणारी सोय) क्वालिटीवर लावा. क्वालिटी दोन्ही दिशांना दोन-तृतीयांशावर रेंडर करतं: २८८० चे १९२०, १६२० चे १०८०. म्हणजे कार्ड प्रत्यक्षात नेटिव्हवरच रेंडर करतंय, वर चढवणं आणि पुन्हा खाली आणणं हे मधले दोन टप्पे. ऐकायला वेडेपणा वाटतो. पण डीएलएसएस फ्रेमाफ्रेमांतून शितं गोळा करतं, ती १०८०च्या जागी १६२०च्या जाळीत साठवतं, म्हणून आधी सांगितलेला तो पुन्हा पुन्हा मिसळण्याचा पसारा आटोक्यात राहतो. फुकट नाही हे. शेवटचे सगळे परिणाम २८८०वर काढले जातात, म्हणून साध्या नेटिव्हपेक्षा फ्रेम कमीच मिळतील. पण फोरकेच्या डीएसआरपेक्षा पुष्कळ जास्त. इथे स्मूदनेसचं वागणं वेगळं आहे: शून्यावर चित्र कमालीचं धारदार, कृत्रिम होतं, वर नेत जाल तसं निवतं. मी ५० ते ८० च्या दरम्यान ठेवतो. गेममध्ये डीएलएए असेल तर तोही करून बघा. तो नेटिव्हवरच हेच काम करतो आणि त्यात अक्षरांचा त्रास नाही.

२.२५चं डीएलडीएसआर जुन्या ४च्या डीएसआरइतकं चांगलं दिसतं असं कंपनी म्हणते. झाडं, कापड, चेहरे यांत मला ते बरंचसं पटतं. आपल्या तारेसारख्या गोष्टींत, गेमचा स्वतःचा टीएए नसेल तर, मला ४च बरं वाटतं. जी शितं घेतलीच नाहीत ती कुठलंही नेटवर्क नक्की सांगू शकत नाही. एएमडीचं कार्ड असणाऱ्यांनी ड्रायव्हरमध्ये व्हीएसआर शोधावं, ते डिसेंबर २०१४ पासून आहे. त्यात स्मूदनेसची पट्टी नाही, बाकी हिशोब तोच.

चालू करताना अडणाऱ्या काही गोष्टी. गेम बॉर्डरलेस खिडकीत असेल तर मोठं रिझोल्यूशन यादीत दिसणार नाही. आधी विंडोजच्या डेस्कटॉपचंच रिझोल्यूशन तिथे न्या. लॅपटॉपवर डीएसआरचा पर्यायच नसेल तर बहुधा अंतर्गत पडदा सीपीयूमधल्या ग्राफिक्सला जोडलेला आहे. मक्स स्विच (पडदा कुठल्या ग्राफिक्सला जोडायचा ते बदलणारी सोय) असेल तर मुख्य कार्डावर न्या, नाहीतर बाहेरचा मॉनिटर कार्डाच्या पोर्टला लावा. आणि तुलना स्क्रीनशॉटवर अजिबात करू नका. डीएसआर चालू असताना घेतलेला स्क्रीनशॉट मोठ्या रिझोल्यूशनचाच साठतो, तुमच्या डोळ्यापुढे आलेलं आकसलेलं चित्र त्यात नसतंच.

राहिला मॉनिटर. ६० सेंटिमीटरवरून चांगला डोळा साधारण ०.१७ मिलिमीटरचा तपशील ओळखतो. तुमच्या २४ इंची १०८०पीवर एक पिक्सेल ०.२८ मिलिमीटरचा आहे, म्हणजे पडदा तुमच्या डोळ्यापेक्षा जाडाभरडा आहे आणि ही कमतरता डीएसआर भरून काढू शकत नाही. २७ इंची १४४०पीवर पिक्सेल ०.२३ चा होतो, २७ इंची फोरकेवर ०.१६ चा. आणि कार्डाचा हिशोब बघा: १४४०पी नेटिव्ह म्हणजे ३६.९ लाख पिक्सेल, तुम्ही आज डीएसआरमध्ये ८२.९ लाख ओढताय. म्हणजे १४४०पी मॉनिटर घेतलात तर कार्डावरचा ताण आजच्यापेक्षा निम्म्याहून कमी होईल आणि ठिपकेही खरे जास्त मिळतील. पैसे हाताशी असतील तर २७ इंची १४४०पी घ्या, ३०६० ला तो झेपतो. २७ इंची १०८०पी मात्र घेऊ नका, त्यात पिक्सेल ०.३१ चा होतो. आणि डीएससी (मॉनिटरकडे जाणारं चित्र दाबून पाठवण्याची पद्धत) वापरणारा फार वेगवान मॉनिटर घेणार असाल तर एक तपासा: बऱ्याच कार्डांवर डीएससी चालू असताना डीएसआरचा पर्याय दिसत नाही.

तोपर्यंत जीटीएतल्या त्याच तारेखाली उभं राहा, आधी नेटिव्ह आणि चारपट एमएसएए, मग ४ चं डीएसआर, मग दोन्ही मिळून. प्रत्येक वेळी माउस अगदी हळू फिरवा आणि तारेचे तुकडे सरकतात का ते बघा. तिथे कुठल्या सेटिंगला किती फ्रेम मिळाल्या ते आकडे आणि दुसऱ्या गेमचं नाव कळवा, म्हणजे त्याच्या धुरकटपणाचं नेमकं कारण सांगता येईल.